स्टेटस ठेवलं म्हणून खुलासा मागितलाय. विद्यापीठातल्या माणसाने बोलायचंच नाही का?

गोदाकाठचा_कारकून | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

एका सार्वजनिक विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहे, परीक्षेच्या कामावर. नाशकात राहतो. विद्यापीठ कुठलं ते विचारू नका आणि अंदाजही बांधू नका, इथून बाहेरगावी रोज अप-डाऊन करणारे काही कमी नाहीत. १७ वर्षं नोकरी झाली, सेवापुस्तकात एक लाल शेरा नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी डबा उघडला आणि शिपाई पोचवही घेऊन समोर. "सही करा" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत उभा राहिला. तिथेच ओळखलं.

पत्रातला मजकूर असा: "आपण समाजमाध्यमांवर विद्यापीठाच्या तसेच शासनाच्या प्रतिमेस बाधा पोहोचेल असा मजकूर प्रसारित केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वर्तन शासनाच्या सूचनांचा भंग करणारे असून आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये, याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा." सोबत दोन प्रिंटआऊट.

पहिला माझ्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचा. तपोवनातल्या झाडांवरून शहरात आंदोलन पेटलं होतं, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडणार म्हणून, तेव्हाचा. तिथल्या एका वडाचा फोटो आणि खाली मी लिहिलं होतं, "कुंभ बारा वर्षांनी येतो, वड बारा वर्षांत येत नाही." बस. दुसरा फेसबुकचा. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी "रिझल्ट कधी?" विचारलं होतं, त्याखाली माझी कमेंट: "नऊ दिवस सर्व्हर बसलाय. आम्हीही वाटच बघतोय, वरच्यांना विचारा."

स्टेटस २४ तासांत गेलं. ते दिसतं फक्त ज्यांचे नंबर सेव्ह आहेत त्यांना. म्हणजे कुणीतरी आपल्यातल्यानेच स्क्रीनशॉट काढून इतके महिने जपून ठेवला. प्रिंटआऊटच्या कोपऱ्यात त्या मोबाईलची बॅटरी दिसते, ११ टक्के. आमच्या सेक्शनमध्ये कुणाचा चार्जर कायम टेबलावर लोंबत असतो ते मला माहीत आहे. असो.

मुदत आज संपली. काय करू?

---

रोखठोक_राजा | रात्री ९.५८

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्याचा पगार घ्यायचा त्याचीच चारचौघांत काढायची, हे मला पटत नाही. आम्ही अंबडला कंपनीत आहोत. मालकाविरुद्ध फेसबुकवर लिहिलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड पंच होत नाही. तुम्हाला निदान खुलासा तरी विचारतात.

मिसळ_पार्टी | रात्री १०.०३

११ टक्के बॅटरी!!! दंडवत घ्या. रिमझिम पावसात तर्रीवाली मिसळ आणि हा धागा, बसलोय.

सिडकोची_सून | रात्री १०.१०

@रोखठोक_राजा, विद्यापीठाला मालक कोण हो? त्यांचा पगार तुमच्या-माझ्या करातून आणि पोरांच्या फीमधून जातो. मग तुमच्याच न्यायाने त्यांनी आपल्याशी इमान राखायचं. सर्व्हर बंद आहे हे पोरांना सांगितलं तर इमान राखलं की मोडलं?

निवृत्त_नाना | रात्री १०.४५

कारकूनभाऊ, आस्थापना विभागात ३१ वर्षं काढली. असली पत्रं मी लिहिलीत, तेव्हा ती कशी लिहितात हे मला विचारा.

आधी पत्र नीट वाचा. "शासनाच्या सूचनांचा भंग." कुठल्या सूचना? शासन निर्णयाचा क्रमांक आहे का, दिनांक आहे का, नियम कुठला? नसणार. आम्ही तो मुद्दाम लिहीत नसू. क्रमांक लिहिला की समोरचा तो काढून वाचतो आणि मग आपल्यालाही वाचावा लागतो.

आता काय करायचं ते सांगतो. आज मुदत संपली म्हणून घाबरू नका, उद्या सकाळी पहिलं काम: "पत्रात नमूद केलेल्या सूचनांची प्रत, मूळ तक्रारीची प्रत मिळावी आणि त्यानंतर सात दिवसांची मुदत मिळावी." दोन ओळी. टाइप करून, दोन प्रतींत. आवक-जावकला द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ते वाचतील, निळ्या खुणा उमटतील आणि कागदावर काहीच राहणार नाही.

"क्षमस्व, अनवधानाने झाले" हे तीन शब्द लिहू नका. सगळे तेच लिहितात, प्रकरण मिटवायला. मिटत नाही. ते कबुलीजबाब म्हणून फायलीत बसतं आणि तुमच्या पदोन्नतीच्या वेळी बरोबर वर येतं. खुलाशात विशेषणंही नकोत. "मुस्कटदाबी", "हुकूमशाही" वगैरे इथे लिहा, तिथे नको.

आणि पोस्ट आत्ता डिलीट करू नका. मुळात काय लिहिलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे तीच आहे.

काळा_कोट | रात्री ११.२०

नानांचं प्रक्रियेबद्दलचं सगळं मान्य. कायद्याचं थोडं मी सांगतो.

'सरकारी नोकराला बोलायचा हक्कच नाही' ही समजूत १९६२ पासून चुकीची ठरलेली आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य. नोकरांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यापुरता रद्द केला आणि सांगितलं की नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. मर्यादा येतात, पण त्या कलम १९(२) मध्ये बसल्या पाहिजेत. त्या यादीत देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, न्यायालयाचा अवमान आहे. 'कार्यालयाची प्रतिमा' हा शब्द तिथे नाही.

विद्यापीठाच्या नोकरांचं प्रकरण तर अगदी जवळचं आहे. केरळमधल्या महात्मा गांधी विद्यापीठाच्या एका कर्मचाऱ्यावर फेसबुक पोस्टवरून शिस्तभंगाची कारवाई झाली होती, ती केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केली. नोकर आहे एवढ्याच कारणावरून मत मांडायला मनाई करता येत नाही, सार्वजनिक संस्थेला निकोप टीका हवीच, असा रोख. त्याच वर्षी जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयाने लिपिका पॉल प्रकरणात असंच म्हटलं. मत्स्यविभागातल्या कर्मचारी, निवृत्तीला काही दिवस उरले असताना फेसबुकवरून निलंबित केलं होतं.

हे निकाल इतर राज्यांचे आहेत. आपल्याकडे ते दाखवता येतात, पण बांधील नाहीत.

रोखठोक_राजा | रात्री ११.३१

मग तो जुलै २०२५ चा जीआर काय होता? त्यात तर साफ लिहिलंय म्हणे की सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही.

काळा_कोट | रात्री ११.५२

होता ना. अजून आहे. सामान्य प्रशासन विभागाचा. १९७९ च्या वर्तणूक नियमांचाच आधार घेऊन काढलेला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, बंदी घातलेली अ‍ॅप वापरू नका, गोपनीय कागद टाकू नका, केंद्र-राज्याच्या चालू वा अलीकडच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, योजनेची माहिती द्या पण स्वतःचे ढोल वाजवू नका. त्यातलं निम्मं कुणालाही पटेल असं आहे. वाद 'प्रतिकूल टीका' या दोन शब्दांचा आहे.

आता धागाकर्त्यांसाठी प्रश्न: तुमच्या विद्यापीठाने तो जीआर स्वीकारल्याचं परिपत्रक काढलंय का? व्यवस्थापन परिषदेचा ठराव आहे का? विद्यापीठ स्वायत्त असतं, त्याच्या नोकरांच्या सेवाशर्ती त्याच्या कायद्यातून आणि परिनियमांतून येतात. आणि कायदाही सगळ्यांना एक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा. पण आपल्या नाशकातल्या दोन्ही विद्यापीठांना तो लागू नाही, मुक्त विद्यापीठाचा १९८९ चा स्वतंत्र कायदा आहे, आरोग्य विज्ञानचा १९९८ चा. तेव्हा आधी आपला कायदा कुठला ते बघा. इथल्या कुणाचंही (माझंही) ऐकून थेट उत्तर ठोकू नका.

गल्लीतला_इतिहासकार | मंगळवार, सकाळी ७.१५

लिहिण्यावरून शिक्षा नाशिकला नवी नाही. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची, कशाबद्दल? कविता छापल्या म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन...

सिडकोची_सून | सकाळी ७.२२

इतिहासकारदादा, अवांतर. वेगळा धागा काढा, तिथे येते. इथे एका माणसाच्या नोकरीचं चाललंय.

तासिकावाली | सकाळी ८.०५

सगळं वाचलं. खरं सांगू? कारकूनदादांचा हेवा वाटला.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, आठवं वर्ष. आम्हाला खुलासा विचारत नाहीत. खुलासा विचारायला आधी माणूस नोकरीत लागतो. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी शिकवत होते, नाव नको. मानधन पाच महिने थकलं होतं. एका सहकाऱ्याने त्यावर फेसबुकवर लिहिलं, मी फक्त लाइक केलं. अंगठाही नाही, तो दुःखी चेहरा असतो ना, तो दाबला. पुढच्या जूनमध्ये सगळ्यांना नेमणुकीचे फोन आले, मला नाही आला. मी विचारायला गेले तर "या वर्षी वर्कलोड नाही." माझाच विषय, माझेच तास, दुसऱ्या मुलीला दिले. कुणी काही बोललं नाही, कुणी काही लिहिलं नाही. आता मी कुठल्या कोर्टात काय दाखवू? दुःखी चेहरा?

आता मी फक्त फुलांचे फोटो टाकते.

निवृत्त_नाना | सकाळी ८.४०

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कायम माणसाला निलंबित केलं तरी पहिले तीन महिने अर्धपगाराएवढा निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पुढे पाऊण पगारापर्यंत वाढवता येतो. दोषारोपपत्र तीन महिन्यांत दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय. ही सगळी कुंपणं कायम माणसाभोवती. तुमच्याभोवती काही नाही हे आम्हाला आत बसून दिसत होतं. नेमणुकीच्या याद्या मीही टाइप केल्यात.

बीकॉमची_आई | सकाळी ११.३०

धागाकर्ते, काल रात्रीपासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

सर्व्हरबद्दलची ती कमेंट बहुतेक मी पाहिली आहे. माझी मुलगी त्या ग्रुपमध्ये आहे. तुम्ही इथे कमेंटचा मजकूर दिलात, पण तिच्यासोबत एक फोटोही होता, तो सांगितला नाहीत. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा, मोबाईलने काढलेला. वर लाल अक्षरांत एरर आणि खाली चार बैठक क्रमांक, पुढे शेरे. तीन "राखीव" आणि एकापुढे "गैरमार्ग प्रकरण".

तो चौथा नंबर माझ्या मुलीच्या मैत्रिणीचा. वर्गात सगळ्यांचे नंबर एकापाठोपाठ असतात, कुणाचा कुठला ते पोरांना पाठ असतं. चौकशी अजून चालू आहे, काही सिद्ध झालेलं नाही. पण ती पोरगी दोन आठवडे कॉलेजला गेली नाही. तिच्या घरी कळलं ते त्या ग्रुपवरून.

तेव्हा भाषणस्वातंत्र्य जरूर. पण ते कुणाच्या जिवावर?

मिसळ_पार्टी | सकाळी ११.४१

...

रोखठोक_राजा | सकाळी ११.५०

घ्या. मी काल म्हणालो तेव्हा सगळे माझ्यावर धावले.

सिडकोची_सून | दुपारी १२.१५

राजाभाऊ, तुम्ही हे म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात मालकाची काढू नका. ही मुलगी मालक नाही.

गोदाकाठचा_कारकून | दुपारी २.१०

ताई, तोच फोटो. मीच काढला होता.

खोटं नाही बोलत, मी मुद्दाम लपवलं नव्हतं असं म्हणायचं होतं, पण दोनदा टाइप करून खोडलं. कुठेतरी माहीत होतं. त्या दिवशी सकाळपासून फोन चालू होते, एक मुलगा तर शिव्याच देत होता. वाटलं, यांना पुरावा दाखवू, आम्ही झोपा काढत नाही. एरर दिसेल असा फोटो काढला आणि टाकला. खालचे नंबर मला दिसलेच नाहीत. रोज हजार नंबर बघणाऱ्याला नंबर दिसत नाहीत, हे कारण नाही हे मला कळतंय.

नाना, पोस्ट डिलीट करू नका म्हणालात. कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि फोटो आत्ता काढून टाकला. ते काही मी ठेवू शकत नाही.

पण एक गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे. ताईंचा प्रतिसाद वाचून मी पत्रासोबतचे प्रिंटआऊट परत काढले. दुसऱ्या प्रिंटआऊटवर "वरच्यांना विचारा" हे दोन शब्द पिवळ्या मार्करने रंगवलेत, दोनदा हात फिरवून. आणि फोटो छापलेलाच नाही. कमेंटच्या खाली पान कापलंय.

काळा_कोट | दुपारी २.३५

थांबा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी खरोखर जाब विचारता आला असता ती त्यांनी कापून फेकली आणि जी बोलायचा हक्क होता ती रंगवली?

निवृत्त_नाना | दुपारी ३.०५

तसंच होतं. तक्रार साहेबांच्या डोळ्यांनी वाचली जाते. साहेबांना "वरच्यांना" हा शब्द दिसला. बैठक क्रमांक त्यांनाही दिसले नसतील, जसे तुम्हाला दिसले नाहीत.

मी नव्या पोरांना एक सांगायचो. रस्त्यावरून जाताना जे दिसलं त्यावर बोला, टेबलावर बसून जे कळलं त्यावर बाहेर बोलू नका. तपोवनातला वड रस्त्यावरून दिसतो, तो सगळ्या नाशिकचा आहे, त्यावर तुम्ही कारकून म्हणून नाही, पंचवटीत जाणारा-येणारा म्हणून बोललात. बैठक क्रमांक तुम्हाला खुर्चीमुळे दिसतो. खुर्ची नसती तर दिसला नसता.

तासिकावाली | दुपारी ३.२०

आणि सर्व्हर, नाना? सर्व्हर बंद आहे हे टेबलावरूनच कळतं. पण ते पोरांना सांगायला नको होतं का? माझं मानधन थकलंय हेही मला नोकरीमुळेच कळतं.

निवृत्त_नाना | दुपारी ३.५०

हं. तिथे माझा नियम अडतो. कबूल. सर्व्हरचं सांगायला परीक्षा विभागाने दुसऱ्याच दिवशी सूचना लावायला हवी होती, मग कारकुनावर वेळच आली नसती.

काळा_कोट | दुपारी ४.१०

सांगता येतं. कुणाची गुप्त माहिती आहे का, हा प्रश्न विचारा. सर्व्हर कुणाचा खाजगी नाही. तुमचं मानधन तुमचंच आहे. क्रमांक त्या मुलीचा आहे.

कारकूनसाहेब, खुलाशात विचारलंय त्याचंच उत्तर द्या. फोटो विचारलेला नाही, तर तो स्वतःहून आणू नका. वकील म्हणून हाच सल्ला देईन.

बीकॉमची_आई | दुपारी ४.२५

वकीलसाहेब, वा. म्हणजे जे चुकलं ते कागदावर येणारच नाही.

काळा_कोट | दुपारी ४.३२

ताई, मी सल्ला दिला. बरोबर काय ते सांगितलं नाही.

पुण्यात_पण_नाशिकचा | संध्याकाळी ६.००

जाता जाता. स्क्रीनशॉटवाल्यांना घाबरणाऱ्यांसाठी: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कॉलेजातल्या एका काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. ३७० रद्द केल्याचा दिवस काळा दिवस, असं स्टेटस होतं, शिवाय १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ ला रद्द केला. निकालात जुन्या नागपूर उच्च न्यायालयाची १९४७ ची कसोटी घेतलीय: मजकुराचा परिणाम खंबीर, धीट, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही. ३७० वर एवढं बोलता येत असेल तर वडावर येईलच की.

निवृत्त_नाना | संध्याकाळी ६.२०

येतं हो. पण तो गुन्हा २०२२ चा. ते दीड-पावणेदोन वर्षांचे पगार आणि झोप यांचा हिशेब निकालात नसतो.

गोदाकाठचा_कारकून | शनिवार, रात्री ८.५०

अपडेट देतोय.

बुधवारी नानांनी सांगितलं तसं दोन ओळींचं पत्र दिलं. आवकवाल्या बाईंनी शिक्का मारताना हळूच विचारलं, "दादा, वडाचं ना?" म्हणजे पूर्ण इमारतीला माहीत. सूचनांची प्रत अजून मिळालेली नाही. तक्रारीची प्रत "शोधत आहेत".

काल दुसरं एक पत्र दिलं, ते वकीलसाहेबांना आवडणार नाही. परीक्षा विभागाच्या प्रमुखांच्या नावे. अमुक दिवशी माझ्याकडून चार बैठक क्रमांक बाहेर गेले, फोटो काढून टाकला आहे, यापुढे परीक्षेच्या कॉम्प्युटरसमोर मोबाईल नेणार नाही. त्याचीही पोच घेतली. बायको म्हणाली, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला शिक्का कशाला लागतो. नाना, तुम्ही म्हणालात ते तीन शब्द यात नाहीत, पण अर्थ तोच आहे, फायलीत बसायचा तर बसू दे.

बीकॉमच्या ताई, त्या मुलीला माझा निरोप द्याल का असं व्यनित (व्यक्तिगत संदेशात) विचारलं होतं.

बीकॉमची_आई | रात्री ९.०५

व्यनि वाचला. माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "तिला पुन्हा आठवण करून द्यायची का, आई?" म्हणून नाही दिला. पत्राचं मात्र बरं केलंत.

मिसळ_पार्टी | रात्री ९.१२

आणि ११ टक्केवाला?

गोदाकाठचा_कारकून | रात्री ९.३०

त्याने काल माझाच चार्जर मागितला. दिला.

बाकी, आज सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" असं आलंय. त्याच्या वरचा शेवटचा मेसेज आमच्या अधीक्षकांच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो आहे. चाळीस जणांच्या शुभेच्छा आल्यात, आणि त्यांना आता धन्यवादही म्हणता येत नाही.